नगरदर्शन : जुनी बस व नदीफेरी

मोठ्या शहरातील महत्त्वाच्या वास्तू, रस्ते, पूल व घाट एका ठरावीक फेरीत, बसल्या जागेवरून आणि माहिती ऐकत पाहण्याची पद्धत. फेरीचा एक टप्पा बहुधा रोजच्या वाहतुकीतून निवृत्त झालेल्या जुन्या बसमधून आणि दुसरा शहरातून वाहणाऱ्या नदीवरील बोटीतून होतो. ही जोड लंडनमध्ये विशेष रूढ झाली. ‘मुंबई दर्शन’ सर्वपरिचित असल्याने त्या सहलीचे वर्णन येथे केलेले नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी माणसाला या पद्धतीची ओळख मुख्यतः मुंबईची उघड्या छताची बस आणि पणजीची मांडवीवरील बोट यांमुळे झाली. मांडवीचा उगम तर खानापूर तालुक्यातच आहे.

उगमाविषयीची मते : ठरावीक मार्ग व ठरावीक भाडे असलेल्या शहरी गाड्यांचा पहिला प्रयोग गणितज्ञ ब्लेझ पास्कल याच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये १६६२ साली झाला, तो फार काळ टिकला नाही. पुढे स्तानिस्लास बोद्री याने १८२६ च्या सुमारास नांत येथे आणि १८२८ मध्ये पॅरिसमध्ये अशा गाड्या सुरू केल्या. लंडनमध्ये जॉर्ज शिलिबीअर याची तीन घोड्यांची गाडी ४ जुलै १८२९ रोजी पॅडिंग्टन ते बँक या मार्गावर धावली. मात्र या साऱ्या गाड्या कामावर जाणाऱ्यांच्या होत्या. शहर पाहणे हाच हेतू ठेवून चालवलेली पहिली गाडी कोणती, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

एक मत असे, की एकोणिसाव्या शतकात लांब बाकांच्या उघड्या घोडागाड्यांतून निघणाऱ्या सहली हाच या पद्धतीचा आरंभ होय. या सहली बहुधा शहराबाहेर, समुद्रकिनारी किंवा रानात जात, त्यामुळे त्यांना नगरदर्शन म्हणणे थोडे ताणलेले वाटते. दुसरे मत अमेरिकेकडे बोट दाखवते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पायरीपायरीने उंच होत जाणाऱ्या बाकांच्या मोटारी पाहुण्यांना शहर दाखवीत आणि पुढे उभा असलेला निवेदक कर्ण्यातून माहिती सांगे. वॉशिंग्टन येथेही १९१० मध्ये मालमोटारीवर बाके बसवून असा व्यवसाय सुरू झाला. तिसरे मत लंडनच्या १९५१ सालच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या महोत्सवाला महत्त्व देते. त्या निमित्ताने लंडन ट्रान्सपोर्टने शहराभोवतीची वर्तुळाकार फेरी सुरू केली आणि पुढच्या फेऱ्यांचा साचा तीतून घडला, असे मानले जाते. निवेदक, ठरावीक स्थळक्रम आणि फेरी सुरू झाली तिथेच संपणे ही तीन लक्षणे एकत्र धरली, तर दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. जुन्या, निवृत्त गाडीचा वापर हे आणखी एक लक्षण धरले, तर मात्र लंडनचा दावा बळकट होतो.

उघडा मजला : छत नसलेला वरचा मजला आज हौसेचा मानला जातो, पण तो मुळात काटकसरीतून आला. लंडनमध्ये प्रवासी आधी गाडीच्या टपावर कसेबसे बसत. १८४७ च्या सुमारास टपावर लांब बाक बसवलेल्या गाड्या आल्या व तेथील भाडे आतल्यापेक्षा कमी ठेवले गेले. पाठीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून प्रवासी बसत. पुढे १८८० च्या दशकात समोर तोंड करून बसण्याची आसने आली. म्हणजे शहर सर्वांत चांगले दिसत होते ते सर्वांत स्वस्त जागेवरून. मुंबईच्या उघड्या बसमध्ये हा हिशेब उलटला. तेथे वरच्या मजल्याचे तिकीट खालच्यापेक्षा महाग असे.

मोटारबस आल्यावरही छप्पर लगेच आले नाही. लंडन शहरात बसच्या वरच्या मजल्याला छत घालण्यास पोलीस खात्याची हरकत होती. वजन वर गेल्याने गाडी कलंडेल अशी भीती होती. १९२३ मध्ये आलेली ‘एनएस’ जातीची बस मुळात छताच्या हिशेबाने बांधली होती, तरी तिला छत घालण्याची परवानगी १९२५ मध्ये मिळाली. ती मिळाली याचे कारण या गाडीच्या खालच्या मजल्याची जमीन बरीच खाली आणलेली होती. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितकी ती वळणावर स्थिर. त्याची चाचणी ब्रिटनमध्ये अशी घेतात : वरच्या मजल्यावर भरगच्च प्रवाशांच्या वजनाइतके ओझे ठेवतात, खालचा मजला रिकामा ठेवतात, चालक व वाहक यांचे वजन धरतात आणि गाडी ज्या फलाटावर उभी असते तो एका बाजूने उचलत नेतात. २८ अंशांपर्यंत कलूनही गाडी उलटता कामा नये. पाहणाऱ्याला ती आता पडणार असेच वाटते. इंजिन, आस व चाके मिळून बहुतेक वजन तळाशी असल्यामुळे ती पडत नाही.

निवृत्त बसचे छत कापून ती दर्शनासाठी वापरताना प्रश्न वेगळा उभा राहतो. छत हे नुसते आच्छादन नसून सांगाड्याला ताठ ठेवणारा भाग असतो. ते काढल्यावर खिडक्यांमधील खांब व कडेचे कठडे मजबूत करावे लागतात आणि वरच्या मजल्यावरील पावसाचे पाणी जिन्यातून खाली न उतरता बाहेर जाईल अशी वाट काढावी लागते. झाडांच्या खाली आलेल्या फांद्या व तारा हा तर नेहमीचा धोका, म्हणून वरच्या मजल्यावर गाडी चालू असताना उभे राहण्यास मनाई असते.

रूटमास्टर : जुनी बस म्हटले की जगभर डोळ्यांपुढे येते ती लंडनची ही लाल दुमजली गाडी. तिचा पहिला नमुना १९५४ मध्ये दाखवण्यात आला व १९५६ मध्ये तो रस्त्यावर आला. एकूण २,८७६ गाड्या बनल्या व उत्पादन १९६८ मध्ये थांबले. ए. ए. एम. ड्युरंट यांच्या मार्गदर्शनाखाली यांत्रिक आराखडा झाला, तर बाह्यरूप डग्लस स्कॉट यांचे. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या बसकारखान्यांनी हॅलिफॅक्स बॉम्बर विमानांचे भाग बनवले होते. तो अनुभव येथे उपयोगी पडला : वेगळी चेसिस (गाडीखालची भार पेलणारी चौकट) न ठेवता हलक्या ॲल्युमिनियमचा सांगाडाच भार पेलतो अशी रचना केली गेली. मूळ गाडीत ६४ आसने, लांब आवृत्तीत ७२. मागच्या डाव्या कोपऱ्यात दार नसलेला पायरीचा ओटा, तेथे धरण्यासाठी उभा दांडा आणि खालच्या मजल्याच्या छतालगत वाहकाच्या घंटीची दोरी. सिग्नलला गाडी थांबली की प्रवासी थांब्याची वाट न पाहता उतरत.

याच ओट्यामुळे ती लोकप्रिय झाली आणि तिच्या निवृत्तीच्या कारणांतही तोच होता. चाकाच्या खुर्चीतील प्रवाशाला ती अडचणीची होती आणि वाहकाचा खर्चही होता. ९ डिसेंबर २००५ रोजी १५९ क्रमांकाच्या मार्गावरून ती नियमित सेवेतून गेली. ९ व १५ या मार्गांच्या काही भागावर मोजक्या गाड्या वारसा म्हणून ठेवल्या गेल्या. पैकी ९ वरील सेवा २०१४ मध्ये बंद झाली, १५ वरील त्यानंतर काही वर्षे चालली. खासगी व्यावसायिकांकडे यातील अनेक गाड्या आजही दर्शनासाठी धावतात. निवृत्त वाहन भंगारात न काढता त्याला दुसरे आयुष्य देण्याचे हे उदाहरण मोलाचे आहे.

मुंबई : दुमजली बस मुंबईत १९३७ मध्ये आली. शहरातील बससेवा त्याआधी १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली होती. वारसास्थळे दाखवणारी उघड्या छताची ‘निलांबरी’ बस १९९७ पासून धावत असे. तिच्या जुन्या गाड्या ५ ऑक्टोबर २०२३ रोजी थांबल्या. त्याआधी तीन आठवडे, १५ सप्टेंबरला, शेवटची डिझेल दुमजली बस निघून गेली. त्यांची जागा विजेवरील दुमजली गाड्यांनी घेतली आहे.

नदीफेरी : लंडनच्या टेम्स नदीवर वाफेच्या बोटी १८१५ पासून दिसतात. वेस्टमिन्स्टर, टॉवर ब्रिज (१८९४) व ग्रिनिच हा नेहमीचा क्रम. टेम्सचे मुख्य वैशिष्ट्य तिची भरती. लंडन ब्रिजपाशी मोठ्या भरती-ओहोटीतील फरक सुमारे सात मीटर असतो. म्हणून तेथील धक्के तरंगते असून काठाशी बिजागरीच्या पुलाने जोडलेले असतात. ओहोटीला तो पूल उतरणीसारखा तिरका होतो, भरतीला जवळजवळ सपाट. पुलांखालची उंचीही त्यानुसार बदलते, त्यामुळे फेरीचे वेळापत्रक घड्याळाइतकेच भरतीच्या कोष्टकावर अवलंबून असते.

या नदीवर सहलीच्या बोटींचे दोन मोठे अपघात झाले. ३ सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही बोट कोळसावाहू जहाजाला धडकून सहाशेहून अधिक माणसे दगावली, तर २० ऑगस्ट १९८९ रोजी ‘मार्शनेस’ बोटीच्या अपघातात ५१ जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या अपघाताच्या चौकशीनंतर, २००२ मध्ये, टेम्सवर जीवरक्षक बोटींची कायमची ठाणी झाली. भारतात बोटफेऱ्या वाढत असताना हा भाग दुर्लक्षिता येणार नाही.

पॅरिसच्या ‘बातो मूश’ बोटी ल्योंच्या मूश भागातील कारखान्यात बनत व १८६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी पॅरिसला आल्या, हे मत प्रमाण मानावे. मूश नावाच्या संस्थापकाचे जे चरित्र कधीकधी सांगितले जाते ते १९५३ मध्ये रचलेले असून ती व्यक्ती काल्पनिक आहे. सध्याची कंपनी झां ब्रुएल याने १९४९ मध्ये सुरू केली.

मांडवी : पणजीच्या सांता मोनिका धक्क्यावरून संध्याकाळी सुमारे तासाभराच्या फेऱ्या निघतात. आदिलशहाचा जुना राजवाडा, पलीकडे रेईश मागूशचा किल्ला आणि मुखाशी आग्वाद ही दृश्ये. बोटीवर देखणी हे गोव्याचे नृत्य, फुगडी व पोर्तुगीज वळणाचे नाच होतात. गाण्यांच्या आवाजात काठांची माहिती बहुधा मागे पडते आणि नगरदर्शन म्हणून ही उणीव जाणवते.

ही नदी वरच्या अंगाला म्हादई म्हणून ओळखली जाते आणि खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानातील देगाव परिसरात उगम पावते. लांबी ग्रंथांत ७७ किंवा ८१ किमी. अशी आढळते. याच डोंगररांगेत कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते व पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. दोन नद्यांची उगमस्थाने एवढी जवळ असल्यामुळेच म्हादईचे पाणी मलप्रभेकडे वळवण्याची कर्नाटकाची कळसा-भंडुरा योजना पुढे आली व गोव्याशी झालेला तंटा लवादाकडे गेला. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ अब्ज घनफूट पाणी दिले. पर्यटक बोटी ज्या भागात फिरतात तो खाडीचा, भरतीचा पट्टा आहे. तेथील पाण्याची खोली मुख्यतः समुद्र ठरवतो. म्हादईतल्या गोड्या पाण्याचा परिणाम तेथे खारेपणावर अधिक होतो. वळवणुकीचा विचार करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळल्यावर पणजी व पलीकडचा काठ यांचा व्यवहार फेरीबोटींवर चालला. बेळगावाहून म्हापशाकडे जाणाऱ्या जुन्या पिढीला त्या रांगा आठवतात.

सीमाभाग : बेळगाव शहर नदीकाठी वसलेले नाही. मार्कंडेय नदी उत्तरेकडून, काकती-कंग्राळीच्या अंगाने जाते. गाव वाढले ते किल्ला, तलाव व पेठा यांच्याभोवती. म्हणून येथे दर्शनाचे साधन रस्ता हेच. किल्ल्यातील कमल बस्ती (१२०४, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातील), त्याच आवारातील सफा मशीद, कपिलेश्वर मंदिर आणि टिळकवाडीतील १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची जागा ही स्थळे एका दुपारच्या फेरीत बसतात. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले ते एवढ्याच अधिवेशनात. किल्ला मध्यवर्ती बसस्थानकाला लागूनच असल्याने फेरीचा आरंभ तेथून करणे सोयीचे.

बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्या जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा पुढेही मुंबईकडे राहिला. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली : बेडफर्ड बनावटीची, लाकडी सांगाड्याची, तीस आसनांची, काथ्याच्या गाद्या असलेली. तसल्या जातीची एखादी गाडी दुरुस्त करून बेळगावात ठेवता आली, तर दोन्ही राज्यांच्या वाहतुकीचा सामायिक इतिहास लोकांना हात लावून पाहता येईल.

चिकोडी, रायबाग, अथणी व कागवाड या तालुक्यांत कृष्णेवर पूल व बंधारे होण्याआधी नावेचाच आधार होता. नावाड्याला सुगीत धान्य देण्याची रीत असे. पुरात गुऱ्हाळातील काहील पाण्यात सोडून माणसे व शेरडे-करडे उतरवली जात. रुंद, उथळ, उभ्या काठाची ही लोखंडी कढई रिकामी असताना चांगली तरते, पण तिला टोक नसल्याने वल्हे एका बाजूला मारले की ती गरगर फिरते. म्हणून काठावरून दोर धरावा लागतो किंवा पोहणारे दोघे कडेला हात लावून तिला ढकलत नेतात. चिकोडी तालुक्यात दूधगंगा कृष्णेला मिळते तो कल्लोळचा परिसर आणि यडूरचे वीरभद्र देवस्थान हे नदीकाठचे पाहण्याजोगे टप्पे होत. कागवाड तालुक्यातील जुगूळ आणि पलीकडचे महाराष्ट्रातील खिद्रापूर यांमध्येही नावेचा मार्ग चालत आला आहे. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर साधारणपणे बाराव्या शतकातील, शिलाहारकालीन मानतात. त्यातील यादव राजा सिंघण याचा लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा असल्याने बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले असावे. कर्नाटकाच्या बाजूने येणाऱ्याला हे मंदिर पाहायला नाव सर्वांत जवळची. पाणी वाढले की ती बंद होते आणि रस्त्याने लांबचा वळसा घालावा लागतो.