सुरीच्या पात्याचे शोभिवंत पृष्ठसंस्करण

हाताने घडविलेल्या सुरीच्या पात्यावर घासून, कोरून, तापवून अथवा रसायनाच्या साहाय्याने जी शोभा आणली जाते, तिला शोभिवंत पृष्ठसंस्करण म्हणतात. ही शोभा वरून चढविलेल्या रंगासारखी नसते. ती पोलादाच्या घडणीतूनच येते, त्यामुळे घडणीतील दोष झाकण्याऐवजी बहुधा ती उघडे पाडते.

कारागिराच्या हाताची खरी परीक्षा साटिन झिलईत, म्हणजे एकाच दिशेच्या बारीक रेघांनी येणाऱ्या मंद चमकेत, होते. सपाट पट्टीला पॉलिश पेपर गुंडाळून २२०, ४००, ६००, ८०० ग्रिट (आकडा जितका मोठा, तितका कागद बारीक) अशा क्रमाने पाते घासतात. दर टप्प्याला घासण्याची दिशा बदलली जाते, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे आडवे उठून दिसतात. ते पूर्ण गेल्याखेरीज पुढचा कागद हाती घ्यायचा नसतो. शेवटच्या कागदाने मात्र मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेने आणि मध्ये न थांबता हात ओढावा लागतो. तो जरा मागेपुढे झाला, तर ओढीच्या शेवटी गळाच्या आकड्यासारखी बारीक वळणे राहतात आणि तिरप्या उजेडात ती लगेच नजरेत भरतात.

कापडी चाकावर आणलेल्या आरसा झिलईवर ओलावा कमी टिकतो, त्यामुळे ती गंजालाही अधिक दाद देत नाही. पण वापरातला पहिलाच ओरखडा तिच्यावर दिसतो. शिवाय फिरते चाक पाते हातातून हिसकावून भिरकावू शकते, म्हणून हे काम अतिशय जपून करावे लागते. काचमण्यांच्या माऱ्याने आलेला खरबरीत, निस्तेज पृष्ठभाग याउलट ओलावा धरून ठेवतो.

थरांच्या पोलादाची नक्षी, जिला सर्रास दमास्कस म्हटले जाते, ती अम्लाने खुलते. १०८४ आणि १५एन२० ही पोलादे एकमेकांवर ठेवून भट्टीत सांधतात, ठोकून लांबवतात आणि पुन्हा दुमडतात. स्निग्धता पूर्ण काढलेले पाते पातळ केलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये बुडवले, की १०८४ चे थर खाल्ले जाऊन काळे पडतात, तर सुमारे २ टक्के निकेलमुळे १५एन२० चे थर उजळ राहतात. बोटाचा एक ठसा राहिला, तरी तेवढ्या जागी डाग उमटतो. नंतर सोड्याच्या पाण्याने अम्ल मारून, सपाट ठोकळ्यावरच्या बारीक कागदाने उंच राहिलेले थर चमकवतात. मुशीत वितळवून केलेल्या वूट्झ पोलादाची नक्षी याहून अगदी वेगळी असते. ती कार्बाइडच्या, म्हणजे कार्बन व धातूच्या कठीण संयुगाच्या, कणांच्या पट्ट्यांतून उमटते. दोन्हींना एकच नाव देणे घोटाळ्याचे आहे.

जपानी हामोनमध्ये पात्याच्या पाठीला मातीचा लेप देऊन धार उघडी ठेवतात. पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते एकदम बुडवून थंड करताना, धार झटकन थंड होऊन कठीण बनते, पाठ मात्र तुलनेने मऊ राहते आणि दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी रेषा येते. मँगनीज कमी असलेल्या पोलादात ती अधिक स्पष्ट दिसते.

तापवून येणारे रंग ऑक्साइडच्या पातळ थरामुळे दिसतात: २२० अंश सेल्सिअसच्या आसपास गवती पिवळा, ३०० च्या सुमारास निळा. निळ्या रंगापर्यंत तापलेल्या साध्या कार्बन पोलादाच्या धारेचा कठीणपणा कमी होतो, म्हणून हा रंग धारेपर्यंत जाऊ देत नाहीत.

उदयपूरच्या कोफ्तगरीत पोलादावर बारीक जाळीदार रेघा पाडून सोन्याचांदीची तार त्यांत ठोकून बसवतात. पाठीवरचे वेलीसारखे कानसकाम मात्र पाणी देण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण कठीण झालेल्या पोलादावर कानस चालत नाही. आणि त्यातील खाचांचे कोपरे गोल ठेवावे लागतात, नाहीतर पाणी देताना तेथूनच पात्याला तडा जातो.