कॉम्प्रेशन चाचणी (मोटारीचे इंजिन)

मोटारीच्या इंजिनातील प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो, हे गेज लावून मोजणे म्हणजे कॉम्प्रेशन चाचणी. हा दाब पिस्टनभोवतीच्या रिंगा, हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व आणि सिलिंडर व त्यांवरचे झाकण (हेड) यांमधले हेड गॅसकेट यांच्या धडपणावर टिकतो. गाडी चढाला ओढत नाही, ऑइल खाते, मिसिंग करते (मध्येच पेट चुकवते), अशी तक्रार आली की हेड उतरवण्याआधी ही चाचणी झालीच पाहिजे. नुसत्या धुरावरून ‘इंजिन काम’ (इंजिन खोलून दुरुस्ती) सांगणे हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

टेस्टर म्हणजे गेज, रबरी नळी आणि स्पार्क प्लगच्या जागी आट्यांवर बसणारे टोक. टोकातला एकमार्गी व्हॉल्व दाब परत जाऊ देत नाही, त्यामुळे काटा वरच्या आकड्यावर थांबतो. इंजिन गरम करून सगळे प्लग काढतात, पेट्रोल आणि ठिणगी बंद करतात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारतात. पाच-सहा उड्यांत काटा स्थिरावतो. ॲक्सिलरेटर दाबायचा राहिला किंवा बॅटरी उतरलेली असली, तर चांगले इंजिनही बसलेले दिसते. काट्याची पहिली उडी नीट बघावी. धड सिलिंडर पहिल्याच उडीत निम्म्याच्या वर जातो. रिंगा झिजल्या असतील तर काटा थोडा थोडा चढत राहतो, व्हॉल्व गळत असेल तर खालीच रेंगाळतो.

पेट्रोल इंजिनात साधारण १२५ ते २०० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) दाब मिळतो. डिझेलमध्ये तो ३०० ते ५०० असतो, म्हणून त्याचे गेज वेगळे. ते ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारा प्लग) किंवा इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग) यांच्या जागी बसवतात. कंपनीच्या पुस्तकातला आकडा मात्र सांगलीसारख्या उंचावरच्या ठिकाणी जसाच्या तसा धरू नये. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे. उंचीवर हवा विरळ होते. रत्नागिरीत १७० दाखवणारे इंजिन सांगलीत १६० च्या आसपास आणि महाबळेश्वरात १४५ च्या जवळपास दाखवेल. खरी तुलना एकाच इंजिनाच्या सिलिंडरांची आपसात करावी. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दोष शोधावा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर बहुधा त्यांच्यामधले गॅसकेट फुटलेले असते. एकच कमी असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंगा, नाही तर व्हॉल्व.

सांगलीत या चाचणीला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कृष्णेचा पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शहरात पाणी शिरले आणि कित्येक गाड्या बुडाल्या. अशा गाडीला थेट सेल्फ मारणे हेच सर्वांत मोठे नुकसान. सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघावी. ऑइल दुधाळ झाले असेल तर ते बदलावे. मग सगळे प्लग काढून इंजिन आधी हाताने आणि नंतर सेल्फने फिरवावे, म्हणजे पाणी भोकांतून बाहेर उडते. कॉम्प्रेशन त्यानंतर मोजावे.

वाकलेला रॉड फसवा असतो. गाडी सुरू होते, चालतेही, पण तो पिस्टन पूर्ण वर पोहोचत नसल्याने त्या सिलिंडरचा आकडा थोडा कमी येतो. गळती आहे का हे बघायला, दोन्ही व्हॉल्व बंद असताना पिस्टन वर आणून त्या सिलिंडरात कॉम्प्रेसरची हवा सोडावी. एअर फिल्टरकडे फुसफुस झाली तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरकडे झाली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, ऑइल भरायच्या तोंडाशी झाली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. यांपैकी काहीच न होता आकडा कमी असेल, तर प्लगच्या भोकातून सळई सोडून सगळे पिस्टन किती वर येतात ते मोजावे. एक खाली राहिलेला आढळला की रॉड वाकल्याचे नक्की होते आणि मगच इंजिन खोलावे.