हातगाडीभर नोटा आणि हिटलर: एक खुलासा

हातगाडीभर नोटा देऊन पाव घेणारे जर्मन आणि त्या महागाईतून थेट सत्तेवर आलेला हिटलर, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिच्यात दोन वेगळी संकटं एकत्र झाली आहेत.

नोटांची महागाई 1923 ची. एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, हे खरंच. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात रेंटनमार्क हे नवं चलन आलं आणि भाव स्थिरावले. मे 1928 च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम 2.6 टक्के मतं होती!

घात केला तो 1929 नंतरच्या मंदीने, आणि त्या काळात भाव वाढत नव्हते, उतरत होते. जुलै 1931 मध्ये ब्रेमेनची नॉर्डवोले ही लोकर कंपनी बुडाली, पाठोपाठ तिला कर्ज देणारी डानाट बँक. चॅन्सेलर ब्रूनिंग यांनी खर्चाला कात्री लावली. डिसेंबरात वटहुकूम काढून पगार 1927 च्या पातळीवर खाली आणले. 1932 च्या सुरुवातीला सुमारे 60 लाख लोक बेकार होते. त्या जुलैत नाझींना 37 टक्के मतं पडली.

आणखी एक गैरसमज: बेकार कामगारांनीच हिटलरला निवडलं. त्यांच्यातले बरेच कम्युनिस्टांकडे वळले होते. नाझींना मोठं बळ मिळालं ते छोटे दुकानदार, कारागीर आणि प्रोटेस्टंट भागातले शेतकरी यांच्याकडून. त्यांची नोकरी गेली नव्हती, पण गिऱ्हाईक आटलं होतं आणि कर्ज डोक्यावर होतं.