डोंगरीची डंगरी, वाण्याचं बनियन

साताऱ्यात राहणाऱ्याला 'सातारकर' म्हणून हाक मारली तर कुणाचं लक्ष जाईल? तिथे सगळेच सातारकर. हे नाव उपयोगी पडतं ते माणूस गाव सोडून चार लोकांत गेल्यावर. ('-कर' लागलेली काही आडनावं वतनावरून आली, तो भाग वेगळा.) हंगेरीत 'होर्वाथ' हे फार आढळणारं आडनाव आहे आणि त्याचा अर्थ 'क्रोएशियाचा'. तिथलंच 'नेमेत' म्हणजे 'जर्मन'. जर्मनांच्या देशात नेमेत हे आडनाव पडलंच नसतं. आडनाव पुष्कळदा आपण घेतलेलं नसतं, शेजाऱ्यांनी ठेवलेलं असतं.

कापडांच्या नावांचंही असंच झालं आहे.

मुंबईच्या डोंगरी भागातून एक जाडंभरडं सुती कापड बाहेर जात असे. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्याला गावाचंच नाव दिलं, आणि 17व्या शतकापासून ते इंग्रजीत दिसतं. त्या कापडाचे कामकऱ्यांचे कपडे झाले, कपड्यांनाच ते नाव चिकटलं, आणि अखेर 'डंगरी' म्हणून ते आपल्याकडे परत आलं. डोंगरीशी त्याचं नातं आता कुणाच्या लक्षातही येत नाही. फ्रान्समधल्या नीम शहराच्या 'सर्ज द नीम' या कापडातलं 'द नीम' म्हणजे 'नीमचं'. त्यावरून डेनिम आलं, असं बहुतेक कोश सांगतात. इटलीतल्या जिनोआला फ्रेंच लोक 'झेन' म्हणतात, तिथून 'जीन्स' आली. तीन ठिकाणांची तीन वेगळी कापडं, आणि आज दुकानात तिन्ही नावं जवळजवळ एकाच निळ्या कपड्यावर येऊन बसली आहेत.

हे नाव देणारा गिऱ्हाईक असतो आणि त्याला माल कुठून हाती आला एवढंच ठाऊक असतं. 'मसलिन' हे नाव इराकमधल्या मोसुलवरून पडलं, पण त्या नावाखाली जगभर वाखाणलं गेलेलं तलम कापड ढाक्याच्या परिसरात विणलं जाई. विणणाऱ्यांच्या तोंडी होती मलमल.

माझ्या मते यातला सगळ्यात मजेदार प्रवास बनियनचा. गुजराती 'वाणियो' म्हणजे व्यापारी, आपल्या 'वाणी'चा सख्खा भाऊ. दोघंही संस्कृत 'वणिज्'पासून आले. अरब आणि पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं 'बनियान' झालं. या व्यापाऱ्यांसारखा सैल अंगरखा 17व्या-18व्या शतकांत युरोपातले श्रीमंत पुरुष घरात घालू लागले आणि त्यालाही 'बनियन' म्हणू लागले. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी हेच नाव अंगालगत घालायच्या सुती कपड्याला लावलं, आणि तेच आपल्या कपाटात आलं. इराणच्या किनाऱ्यावर हे व्यापारी ज्या वडाखाली जमत, त्या झाडालाही युरोपीय प्रवाशांनी बनियनचं झाड म्हटलं. म्हणून इंग्रजीत आज वड आणि गंजिफ्रॉक एकाच नावाचे आहेत.

अशा गोष्टी ऐकताना शंका यायला हवी, कारण कानाला सारखे लागणारे शब्द पुष्कळ असतात. अभ्यासक दोन पुरावे मागतात. एक, तो शब्द त्या वाटेने खरंच गेल्याच्या जुन्या नोंदी. दुसरा, ध्वनिबदलाचा नियम. संस्कृत 'कर्पास'मधला र गळून प दुहेरी झाला, म्हणजे 'कप्पास'. मग दुहेरी प एकेरी झाला आणि आधीचा स्वर लांबला, म्हणजे 'कापूस'. हे एकट्या कापसाचं नाही. कर्म-कम्म-काम, कर्ण-कण्ण-कान, सर्प-सप्प-साप, सगळे त्याच रांगेत उभे आहेत. 'शाटी'ची 'साडी' होताना ट चा ड झाला, तसाच 'घोटक'चा 'घोडा' होतानाही झाला. तोच कर्पास पश्चिमेकडे जाऊन ग्रीकमध्ये 'कार्पासोस' झाला. 'कॉटन'चा मात्र त्याच्याशी संबंध नाही, ते अरबी 'कुत्न'वरून आलं.

नुसत्या कानावर विसंबलं की काय होतं हे बिकिनीत दिसतं. 1 जुलै 1946 रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी या प्रवाळबेटावर अणुचाचणी केली. चारच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआर यांनी आपला तोकडा पोहण्याचा पोशाख त्या गाजणाऱ्या नावाने बाजारात आणला. बेटाच्या नावातल्या 'बि'चा 'दोन'शी काहीच संबंध नाही. पण पोशाख दोन तुकड्यांचा, म्हणून लोकांना त्यात 'दोन' अर्थाचा लॅटिन 'बि' ऐकू आला आणि 1964 साली एका तुकड्याची 'मोनोकिनी' निघाली. पुढे 'टँकिनी' आणि 'बुर्किनी'ही आल्या. चुकीच्या ठिकाणी तोडलेल्या शब्दाचं शेपूट असं स्वतंत्रपणे पोरं घालू लागलं.

आता पायजमा. शब्द फारसी आहे: 'पाय' अधिक 'जामा', म्हणजे पायांचा कपडा. मराठी माणसाला त्यात आपलाच पाय ऐकू येतो, आणि बिकिनीची गोष्ट कळल्यावर हीही फसगत असणार असं वाटेल. पण इथे कान बरोबर निघतो. आपला पाय संस्कृत 'पाद'पासून आला, फारसी पाय त्याच 'पाद'च्या प्राचीन इराणी भावंडापासून, आणि दोन्हीकडे मधला द स्वतंत्रपणे झिजून गेला.