फाइलीत लिहिलेले आकडे रात्रीत गेले कुठे?

थंडी पडली की 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी नाशिककरांना ठरलेलीच. पण बातमीतला पारा एका ठिकाणचा असतो. द्राक्षमण्यांना तडे जातात ते आपल्या बागेतल्या थंडीने, आणि तिथे पहाटे नेमकं किती होतं हे बातमीतून कळत नाही. म्हणून माझ्या भाच्याने बागेत तापमानाचा सेन्सर लावला, त्याला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक जोडला आणि पायथॉन या संगणकाच्या भाषेत छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दर ५ मिनिटांनी मोजायचं, आलेला आकडा 'तापमान' या चलात ठेवायचा आणि साध्या मजकुराच्या फाइलीत एक ओळ लिहायची. पायथॉन ३ मध्ये चलाला असं देवनागरी नाव देता येतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

संध्याकाळी ७ वाजता प्रोग्रॅम सुरू झाला. पहाटे ४ वाजता लाइट गेली. सकाळी फाइल उघडली तर शून्य बाइट!

"मामा, झोपेपर्यंत स्क्रीनवर आकडे दिसत होते ना!" पोरगा रडवेला झाला होता. घरात कुणीतरी म्हणालं, अमावस्येला सुरू केलं, दुसरं काय होणार. वडीलधाऱ्यांचा मान ठेवूनही सांगायला हवं, की संगणकाला तिथी कळत नाही. दोष अमावस्येवर ढकलला असता तर प्रतिपदेलाही फाइल कोरीच राहिली असती.

खरं कारण फार सुंदर आहे. फाइलीत लिहिण्यासाठी पायथॉनमध्ये 'राइट' ही आज्ञा असते. ती फक्त मजकूर घेते, ६.८ ही संख्या तशीच दिली तर चूक दाखवते. म्हणून आधी संख्येची अक्षरं करावी लागतात. हे भाच्याने बरोबर केलं होतं. पण 'राइट' म्हटलं की आकडा लगेच मेमरी कार्डावर जातो, हा त्याचा समज चुकीचा होता.

टोमॅटोचा एक क्रेट भरला म्हणून कुणी पिकअप घेऊन पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला निघत नाही. गाडी भरते, मग निघते. कार्डावर लिहिणं हे मेमरीत, म्हणजे वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या जागेत, लिहिण्याच्या मानाने फारच सावकाश होणारं काम, म्हणून पायथॉनही ओळी आधी मेमरीतल्या एका जागेत साठवतो. तिला बफर म्हणतात. पायथॉनच्या बऱ्याच आवृत्त्यांत मजकुरासाठी ही गाडी साधारण ८१९२ बाइटची असते.

आता हिशोब करा. वेळ, मोकळी जागा, तापमान आणि ओळ संपल्याची खूण मिळून एक ओळ १० ते ११ बाइटची. ९ तासांत, तासाला १२ प्रमाणे, १०८ ओळी झाल्या. म्हणजे जेमतेम ११०० बाइट. या वेगाने गाडी भरायला अडीच दिवसांहून जास्त लागले असते! लाइट गेली आणि बफर पुसला गेला. स्क्रीनवर मात्र आकडे दिसत होते, कारण समोर माणूस बसलेला असतो म्हणून स्क्रीनकडे जाणारा मजकूर ओळ संपताच पुढे ढकलला जातो.

प्रोग्रॅम नीट संपला असता, किंवा एखाद्या साध्या चुकीने बंद पडला असता, तरी पायथॉनने जाता जाता फाइल मिटून बफर रिकामा केला असता. वीज ती सवड देत नाही.

मग 'फ्लश' ही आज्ञा द्यावी का? द्यावी, पण तेवढ्याने भागत नाही. 'फ्लश'ने माल पायथॉनकडून ऑपरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, हाती जातो. तिचंही मेमरीत स्वतःचं गोदाम असतं. नेहमीच्या मांडणीत लिनक्स, म्हणजे भाच्याच्या संगणकावरची ऑपरेटिंग सिस्टिम, असा माल साधारण ३० सेकंद ठेवून मग कार्डाकडे धाडतो. तो आत्ताच जायला हवा असेल तर 'एफसिंक' म्हणायचं, आणि तेही 'फ्लश'नंतर. आधी म्हटलं तर पायथॉनच्या बफरात अडकलेल्या ओळींचा सिस्टिमला पत्ताच नसतो. हे दर ओळीला केलं तर प्रोग्रॅम मंदावतो. मात्र ५ मिनिटांतून एकदा लिहिणाऱ्याला त्याची काय फिकीर?

आणखी एक खोट होती. भाच्याने फाइल 'डब्ल्यू' पद्धतीने उघडली होती. त्यात जुना मजकूर उघडतानाच पुसला जातो. लाइट परत आल्यावर प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला असता तर आधी कार्डावर काही पोचलं असतं तरी तेही गेलं असतं. नोंदवहीसाठी 'ए' हवं, म्हणजे नवी ओळ जुन्याच्या खाली जोडली जाते. ओळींत मराठी शब्द लिहायचे असतील तर फाइल उघडताना 'यूटीएफ-८' ही अक्षरं साठवण्याची पद्धत सांगावी. त्यात 'नाशिक' हा शब्द १५ बाइट घेतो.

आता भाचा दर वेळी 'विथ' वापरून फाइल उघडतो, ओळ लिहितो, 'फ्लश' आणि 'एफसिंक' करतो; 'विथ'मधून बाहेर पडताच फाइल आपोआप मिटते. परवा रात्री ९:४० ची नोंद झाल्यावर आम्ही मुद्दाम प्लग ओढला. पुन्हा सुरू करून फाइल उघडली. शेवटची ओळ २१:४० ची होती.