ईजीआर काढल्यावर धूर कमी होतो, मग बिघडतं कुठे?

डिझेल गाडीचा पिकअप गेला की गॅरेजमध्ये हमखास एक सल्ला मिळतो: ‘ईजीआर बंद करून टाका.’ ईजीआर म्हणजे जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी व्हॉल्व्ह-पाइपची जोडणी. तिच्या पाइपच्या तोंडाशी पत्र्याची चकती बसवायची, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून, चेक इंजिनचा दिवा घालवायचा, झालं काम. गाडी मोकळी पळते आणि काळा धूरही कमी दिसतो. फसगत इथेच होते.

हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या वाटेला जात नाही. पण सिलिंडरमधली ज्वाळा साधारण 1500 अंश सेल्सिअसच्या वर तापली, की त्याची ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होऊ लागतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी 1940 च्या दशकात ही साखळी मांडली. तापमान थोडं वाढलं तरी अभिक्रियेचा वेग प्रचंड वाढतो, हे तिचं वैशिष्ट्य.

ईजीआर नेमकं हेच तापमान उतरवतो. जळालेल्या वायूचा काही भाग तो पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतो. या वायूत ऑक्सिजन कमी असतो, शिवाय त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता शोषून घेतात. मात्र ऑक्सिजन घटल्याने काजळी थोडी वाढते. म्हणून ईजीआर काढला की धूर कमी होतो, आणि डोळ्यांना न दिसणारी ऑक्साइडं वाढतात.

‘ताकद वाढली’ या अनुभवाचंही उत्तर इथेच आहे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ईजीआरचा व्हॉल्व्ह बहुतेक बंदच असतो. मग वाढलेली ताकद एक तर रीमॅपची असते, नाहीतर आधी व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो.

मेकॅनिकची तक्रार खोटी नाही. काजळी आणि ऑइलची वाफ मिळून इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरला हवा पुरवणाऱ्या नळ्यांत, डांबरासारखा थर बसतो. शहरात जवळच्याजवळ फिरणाऱ्या गाडीत तो जास्तच. 2018 मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा ईजीआर कूलरमधून (तो जळालेला वायू थंड करतो) झिरपणारं कूलंट हे कारण पुढे आलं होतं. पण बिघडणारा भाग दुरुस्त करायचा असतो.

कारण बाहेर पडणारा नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेला सूज आणतो, दम्याच्या मुलांना त्याचा त्रास अधिक. उन्हात त्यापासून ओझोन बनतो, तर हवेतल्या अमोनियाबरोबर अतिसूक्ष्म कण. यासाठीच डिझेल कारच्या ऑक्साइडांवरची बीएस-4 या प्रदूषण मानकातली किलोमीटरमागे 0.25 ग्रॅमची मर्यादा 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मध्ये 0.08 ग्रॅमवर आली.

आणि आपली पीयूसी? डिझेल गाडीच्या धुराचा फक्त काळेपणा ती मोजते. ईजीआर काढलेली गाडी त्यात आरामात पास होते! माझ्या मते ही मोठी उणीव आहे. अमेरिकेत 2015 मध्ये फोक्सवॅगनचं प्रदूषण चाचणीत फसवणारं सॉफ्टवेअर पकडलं गेलं, तेव्हा काही गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या 40 पटींपर्यंत ऑक्साइडं सोडत असल्याचं दिसलं. भारतातल्या गाड्या पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने तपासल्या, आणि त्या डिसेंबरात कंपनीने सुमारे 3.23 लाख गाड्या परत बोलावल्या.

व्हॉल्व्ह अडकला असेल तर बहुतेक वेळा तो खोलून, कार्बन काढून पुन्हा बसवता येतो. मॅनिफोल्डही तेव्हाच साफ करून घ्यावा. कूलंट विनाकारण कमी होत असेल तर कूलर आधी तपासायला सांगा.