त्वचेच्या कर्करोगात सेंटिनल नोड बायोप्सीची वेळ

पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येते. तळपायाकडून निघालेली लसीका, म्हणजे ऊतींतून पाझरणारा द्रव, वर जाताना आधी जांघेतल्या गाठींतून जाते, म्हणून त्या सुजतात. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशीही पुष्कळदा हीच वाट धरतात. त्या वाटेवर सर्वांत आधी लागणारी गाठ ती सेंटिनल, म्हणजे पहाऱ्यावरची. ती हाताला लागत नसतानाच काढून तपासणे म्हणजे सेंटिनल नोड बायोप्सी. कॅलिफोर्नियातील सर्जन डोनाल्ड मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी निळा रंग टोचून मेलानोमात ती शोधण्याची रीत १९९२ मध्ये प्रसिद्ध केली.

ही तपासणी केव्हा करायची, हे आधी ठरते ते कर्करोगाच्या खोलीवरून. संशयास्पद डाग भोवतीची १ ते ३ मिमी. त्वचा घेऊन काढतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्याची जाडी मोजतो. जाडी १ मिमी.पेक्षा जास्त असेल तर बायोप्सी सुचवली जाते. ०.८ ते १ मिमी. असेल, किंवा त्याहून पातळ पण व्रण पडलेला असेल, तर रुग्णाशी बोलून ठरवतात. ०.८ मिमी.पेक्षा पातळ आणि व्रण नसलेला असेल तर सहसा गरज नसते. हातापायावरच्या डागासाठी पहिला छेद अवयवाच्या लांबीने घ्यावा, म्हणजे लसीकेची वाट कमी बिघडते.

यानंतर पहिल्या छेदाच्या जागेभोवतीची १ ते २ सेंमी. त्वचा काढण्याची मोठी शस्त्रक्रिया असते. सेंटिनल बायोप्सी त्याच भुलीत व्हायला हवी. एकदा त्वचा रुंद कापून बाजूची त्वचा सरकवून जखम झाकली की लसीकावाहिन्या तुटतात, आणि नंतर टोचलेला रंग भलत्याच गाठीकडे जाऊ शकतो. तपासणी तेव्हाही करता येते, पण तिच्यावर पूर्वीइतका भरवसा राहत नाही. म्हणून ‘गाठीचे काय?’ हा प्रश्न रुग्णाने दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावा.

दिवसाचेही गणित असते. छेदाच्या जागेभोवती टोचलेल्या टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा अर्धायुकाल (किरणोत्सर्ग निम्म्यावर येण्याचा काळ) ६ तास असतो, त्यामुळे ते शस्त्रक्रियेच्याच सकाळी किंवा आदल्या दुपारी टोचतात आणि कॅमेऱ्याने चित्र घेतात. पाठीवरच्या डागाची लसीका कधी दोन्ही काखांत जाते, हे या चित्रातच कळते. भूल दिल्यावर निळा रंग टोचतात. किरणोत्सर्ग टिपणाऱ्या गॅमा प्रोबचा आवाज जिथे चढतो तिथे लहान छेद घेऊन निळ्या दोऱ्यासारख्या वाहिनीमागून गाठीपर्यंत जातात. नंतर लघवी हिरवट होते; रुग्णाला हे आधी सांगितले नाही तर तो उगाच घाबरतो. गाठीचा अहवाल शस्त्रक्रिया चालू असतानाच मागू नये. गोठवून घाईने कापलेल्या चकत्यांत मोजक्या पेशी निसटतात; विशेष रंग देऊन नीट तपासायला काही दिवस लागतात.

निदान झाल्यावर काही आठवडे गेले तर जीव धोक्यात येतो का? यावरच्या जुन्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. महिनोन्महिने थांबू नये हे खरेच, पण जवळच्या ठिकाणी घाईने रुंद छेद घेण्यापेक्षा न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्ये वापरून तपासण्याची, सोय असलेल्या रुग्णालयाची तारीख मिळेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

बायोप्सीने आयुष्य वाढते का, हे एमएसएलटी-१ या चाचणीने तपासले. मध्यम जाडीच्या मेलानोमात दहा वर्षांनी मेलानोमाने मृत्यू न आलेले ८१.४ टक्के होते आणि बायोप्सीऐवजी नुसती देखरेख ठेवलेल्या गटात ७८.३. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या पुरेसा नव्हता. तिचा खरा उपयोग आजाराचा टप्पा कळण्यात आणि पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपीची (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध चेतवणारी) औषधे द्यायची का हे ठरवण्यात आहे. गाठीत पेशी सापडल्या तर उरलेल्या सगळ्या गाठी काढण्याची पद्धतही २०१७ मध्ये एमएसएलटी-२ चे निष्कर्ष आल्यावर मागे पडली: तसे केल्याने आयुष्य वाढले नाही, उलट लसीका साचून सूज २४ टक्क्यांना आली, नुसत्या देखरेखीत ती ६ टक्क्यांना होती.

मर्केल पेशी या त्वचेच्या दुसऱ्या कर्करोगातही ही बायोप्सी करतात. बेसल सेल कर्करोगात सहसा लागत नाही.

भारतात मेलानोमा बऱ्याचदा तळपायावर दिसतो. कुरूप किंवा जुना मार समजून तो डाग अंगावर काढला जातो आणि रुग्ण येतो तो जांघेत गाठ घेऊनच. हाताला लागणाऱ्या गाठीसाठी सेंटिनल बायोप्सी नसते. सुईने पेशी घेऊन निदान करतात. अशा रुग्णांत आता क्रमच उलटू लागला आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नादिना चाचणीत आधी इम्युनोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया केलेल्यांत आजार पुन्हा उद्भवण्याचे किंवा वाढण्याचे प्रमाण आधी शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा बरेच कमी होते.